आमच्या घरची मराठी

प्रथम वर्षाला प्रवेश घेतला तेव्हाची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात शेजारी बसलेल्या मैत्रिणीने माझे आडनाव ऐकले आणि विचारले, "तू गोव्याची का?" मी म्हटले, "नाही, गोराईची." ती म्हणाली, "म्हणजे राहायला गोराईला, पण मूळची गोव्याची ना?" मी पुन्हा नाही म्हटले. मग तिने जो प्रश्न विचारला त्याला उत्तर देता देता मला वर्ष लागले. तिने विचारले, "मग तू इतकी चांगली मराठी कशी बोलतेस?"

त्या मैत्रिणीचा दोष नाही. ती आजही माझी मैत्रीण आहे आणि हा लेख लिहिण्याआधी मी तिची परवानगी घेतली आहे. परंतु तिच्यासारखाच प्रश्न मला तिकीट तपासनिसाने, दुकानदाराने, एवढेच नव्हे तर एकदा एका व्याख्यात्यानेही विचारला आहे. डिसोझा, परेरा, मिरांडा, गोन्साल्विस ही आडनावे ऐकली की माणूस एक तर गोव्याचा किंवा इंग्रजी बोलणारा, असे आपण धरूनच चालतो. बोरिवली स्थानकापासून अर्ध्या-पाऊण तासावर, खाडीपलीकडे, शेकडो वर्षे मराठी बोलणारी ख्रिस्ती माणसे राहतात हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते. गोराई म्हटले की लोकांना पॅगोडा आठवतो, पूर्वी एस्सेलवर्ल्ड आठवत असे. गोराईची माणसे कोणाला आठवत नाहीत.

आम्हाला ईस्ट इंडियन म्हणतात. नाव इंग्रजी, पण माणसे इथलीच. वसई आणि साष्टी, म्हणजे आजची मुंबईची उपनगरे ज्या बेटावर वसली आहेत तो प्रदेश, १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना दिला. पुढच्या काळात इथल्या कोळी, भंडारी, कुणबी, आगरी अशा निरनिराळ्या जातींतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. पोर्तुगीजांनी देवळे बांधली. आपल्या बोरिवलीत मंडपेश्वरच्या लेण्यांवर ज्या भिंती उभ्या दिसतात त्या त्याच काळातल्या. अंधेरीकडे मरोळजवळ सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे १५७९ साली बांधलेले देऊळ आज सीप्झच्या कुंपणात पडक्या अवस्थेत आहे. वर्षातून एकदा, मे महिन्यात, गावकरी तेथे जमून प्रार्थना करतात. पुढे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज गेले. पोर्तुगीज गेले, पण गावकरी कुठेच गेले नाहीत. ते आपल्या शेतात, आपल्या होड्यांवर, आपल्या ताडाच्या झाडांवरच राहिले. नंतर इंग्रज आले. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्या लोकांची आडनावे आणि आमची आडनावे सारखीच. तेव्हा आपण इथले जुने रहिवासी आहोत हे सरकारला कळावे म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, आमच्या पूर्वजांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले आणि त्या नावाची संस्था स्थापन केली.

या इतिहासात मला सर्वांत नवल वाटते ते एका गोष्टीचे. दोनशे वर्षे राज्य करूनही पोर्तुगीजांची भाषा आमच्या घरात आली नाही. धर्म बदलला, आडनाव बदलले, देवाचे नाव बदलले, पण भाषा बदलली नाही. आम्ही चर्चला अजूनही 'देऊळ' म्हणतो. देवळात होते ती 'मिस्सा', सणाला 'फेस्त', रस्त्याच्या कडेला उभा असतो तो 'कुरूस', बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला हातात घेणारे ते 'पाद्रीन' आणि 'माद्रीन'. हे शब्द पोर्तुगीज आहेत. पण ज्या वाक्यांत ते बसले आहेत ती वाक्ये मराठी आहेत. ऑक्टोबर महिन्यात नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेऊन आशीर्वाद घेतात, त्या सणाला 'आगेरा' म्हणतात. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात, त्याला 'उंबराचं पाणी' म्हणतात. बायका नेसतात ते 'लुगरं'. प्रमाण मराठीतल्या 'लुगडं' या शब्दातल्या 'ड'चा आमच्याकडे 'र' होतो. 'गाडी'ची 'गारी' होते, 'डोळा'चा 'डोला' होतो, 'पाणी'चे 'पानी' होते आणि 'मला'ऐवजी आम्ही 'माना' म्हणतो. आगरी आणि कोळी मित्रांना हे ऐकून घरच्यासारखे वाटेल, कारण या बोली एकमेकींच्या बहिणीच आहेत. ग्रियर्सनसाहेबांनी भारतातील भाषांची जी पाहणी केली तिच्या मराठीच्या खंडात, १९०५ साली, ठाणे जिल्ह्यातील ख्रिस्ती लोकांच्या या बोलीची 'किरिस्ताव' या नावाने स्वतंत्र नोंद आहे. म्हणजे एका परकीय साहेबाला जी मराठी दिसली ती आपल्याला दिसत नाही.

आता मूळ विषयाकडे येते. गेल्या मे महिन्यात आमच्या नात्यात एक लग्न होते. उंबराच्या पाण्याला माझी आजी पुढे होती. तिचे वय पंचाहत्तरच्या पुढे आहे आणि आमच्या आळीत ती गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणू शकणारी ती एकटीच उरली आहे. विहिरीवर पोचल्यावर तिने माझ्या अकरा वर्षांच्या भावाला जवळ बोलावून काही सांगितले. त्याने तिच्याकडे पाहिले, मग आईकडे वळून इंग्रजीत विचारले, "ती काय म्हणते?" आईने ते त्याला अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या हिंदीत समजावले. आजीने फक्त एवढेच सांगितले होते, की तुझ्या आजोबांनी आमच्या लग्नात इथूनच पाणी काढले होते.

त्या क्षणी मला फार विचित्र वाटले. एकाच घरात, एकाच चटईवर जेवणाऱ्या आजी-नातवाला बोलण्यासाठी दुभाष्या लागावा! कोर्टात परक्याला दुभाष्या देतात. इथे परका कोण?

माझा भाऊ इंग्रजी शाळेत जातो. मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकले. आमच्या दोघांच्या मध्ये आठ वर्षांचे अंतर आहे. या आठ वर्षांत आईवडिलांनी ठरवले की धाकट्याला इंग्रजीतच घालायचे. माझे वडील होडीवर जातात, आई बोरिवलीच्या बाजारात मासे विकते. दोघेही कॉलेजची पायरी चढलेले नाहीत. आईला फॉर्म भरता येत नाही, बँकेत तिला कोणी नीट उत्तर देत नाही, दवाखान्यात डॉक्टर इंग्रजीत बोलतात. आपल्या मुलाचे असे होऊ नये असे तिला वाटले तर तिला दोष कोण देईल? मी तरी देणार नाही. मला जे सोसावे लागले ते पाहूनच तिने हा निर्णय घेतला आहे, हेही मला माहीत आहे.

मला काय सोसावे लागले ते थोडक्यात सांगते. नववीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी भाषण करीत होते. पाठ केलेले होते, तरी घाईत तोंडातून "माना वाटतं" असे गेले. वर्ग हसला. बाई रागावल्या नाहीत, त्याही हसल्या. म्हणाल्या, "आधी शुद्ध मराठी शिक, मग भाषण कर." मी खाली बसले आणि त्या दिवसापासून शाळेत 'माना' हा शब्द पुन्हा उच्चारला नाही. पुढे पुढे घरीही उच्चारेनासे झाले. आजीशी बोलताना मी 'मला' म्हणू लागले तेव्हा आजी म्हणाली, "शिकली माझी नात." ती आनंदाने म्हणाली होती. मलाही तेव्हा आनंदच झाला होता. आज त्याच आठवणीने वाईट वाटते.

माझे म्हणणे असे आहे की आमच्या बोलीला इंग्रजीने एकटीने मारलेले नाही. एका बाजूने इंग्रजीने ढकलले आणि दुसऱ्या बाजूने 'शुद्ध मराठी'ने. इंग्रजी म्हणाली, तुझ्या भाषेला बाजारात किंमत नाही. शुद्ध मराठी म्हणाली, तुझी भाषा मराठीच नाही. ज्या आईने दोन्हीकडून हे ऐकले तिने विचार केला, की हसेच होणार असेल तर निदान पोटाला घालणारी भाषा तरी शिकवू. यात तिचे काय चुकले?

शुद्ध-अशुद्धाचा हा विचार किती तकलादू आहे ते पाहा. आमच्या बाई कपाटाची 'चावी' शोधत, 'मेजा'वर 'साबण' ठेवत, 'पगार' झाला की 'हापूस' घेत, डब्यात 'बटाट्या'ची किंवा 'कोबी'ची भाजी आणत. यातला एकेक शब्द पोर्तुगीजांकडून आलेला आहे. 'बादली', 'पिंप', 'घमेले', 'फीत', 'लिलाव', 'तुरुंग' हेही तिकडचेच. प्रमाण मराठीने पोर्तुगीज शब्द घेतले तर ती समृद्धी, आणि आम्ही 'मिस्सा' म्हटले तर ती भेसळ, हा न्याय कुठला? आणि 'माना' तर पोर्तुगीजही नाही, तो उत्तर कोकणचा जुना रूपभेद आहे. त्याला हसताना आपण आपल्याच भाषेच्या एका जुन्या दाराला हसतो.

आमच्या मराठीला वाङ्मयाचा वारसा नाही असे कोणी म्हणू नये. फादर स्टीफन्स हा इंग्रज धर्मगुरू गोव्यात आला आणि त्याने १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' हा ओवीबद्ध ग्रंथ मराठीत छापला. आपल्या मराठीच्या अभ्यासक्रमात त्याचे नाव येते. अगदी आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे, म्हणजे आताच्या धाराशिवला, भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादन त्यांनी अनेक वर्षे केले. त्यांची निवड झाली तेव्हा काहींनी कुरकूर केली होती. मला त्या वेळी एवढेच वाटले, की मराठी माणसाने मराठी संमेलनाचा अध्यक्ष होण्यात कुरकुरण्यासारखे काय आहे?

आपल्याकडचा हा प्रश्न जगात इतरत्रही आहे. मागच्या सत्रात ग्रंथालयात बसून मी उत्तर अमेरिकेतील फ्रेंच भाषिकांविषयी थोडे वाचन केले. कॅनडा हा बहुतांशी इंग्रजी बोलणारा देश. पण त्यातील क्वेबेक प्रांत फ्रेंचांनी वसवलेला. १७६३ च्या तहाने तो इंग्रजांच्या ताब्यात गेला, म्हणजे आमच्याकडे वसई पडली त्यानंतर चोवीसच वर्षांनी. तिथेही राजा गेला आणि शेतकरी राहिले. त्यांनी भाषा टिकवली. १९६९ साली कॅनडाने इंग्रजीबरोबर फ्रेंचलाही राजभाषा मानले आणि १९७७ साली क्वेबेकने फ्रेंच भाषेची सनद म्हणून कायदा करून शाळा, कचेऱ्या, दुकानांच्या पाट्या सर्वत्र फ्रेंचला मानाचे स्थान दिले. आज कॅनडातील साधारण पाचवा हिस्सा लोकांची मातृभाषा फ्रेंच आहे. पण क्वेबेकजवळ आपला प्रांत होता, आपले विधिमंडळ होते. आमच्याजवळ काय आहे? गोराई, मनोरी, उत्तन, आणि उपनगरांतल्या इमारतींमध्ये अडकलेली काही गावठाणे.

आमच्याशी जास्त जुळते ती अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याची हकीकत. हा मुलूख नेपोलियनने १८०३ साली अमेरिकेला विकला. तेथील खेड्यांत, दलदलीच्या भागात, मासे धरणारे आणि शेती करणारे फ्रेंच बोलणारे लोक राहत. १९२१ साली त्या राज्याच्या घटनेने शाळांत फक्त इंग्रजीतून शिकवावे असे ठरवले. शाळेच्या आवारात फ्रेंच बोलले म्हणून मुलांना शिक्षा होऊ लागल्या, 'मी फ्रेंच बोलणार नाही' असे पुन्हा पुन्हा लिहायला लावण्यात येई. ती मुले मोठी झाली आणि आईबाप झाल्यावर त्यांनी आपल्या मुलांशी फ्रेंच बोलणेच सोडले. आपल्याला झाले ते मुलांना होऊ नये म्हणून! हे वाचताना मला माझी आई आठवली.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९६८ साली लुइझियाना सरकारला चूक उमगली. फ्रेंच वाचवण्यासाठी त्यांनी एक मंडळ नेमले आणि फ्रान्स, बेल्जियम, क्वेबेक येथून शिक्षक आणले. हेतू चांगला होता. पण हे शिक्षक प्रमाण फ्रेंच शिकवू लागले. मुलगा शाळेत फ्रेंच शिकून घरी येई आणि आजीचे फ्रेंच त्याला वेगळेच वाटे. शाळेत जे शिकला ते आजी बोलत नव्हती आणि आजी जे बोलत होती ते शाळेत चूक ठरत होते. पुढे टीका झाल्यावर स्थानिक फ्रेंचकडे लक्ष देण्यात आले. तोवर बऱ्याच आज्या निघून गेल्या होत्या.

आपल्या राज्याने २०२० साली कायदा करून सर्व शाळांत मराठी सक्तीची केली. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दोन्ही गोष्टींचा मला मराठीची विद्यार्थिनी म्हणून अभिमान आहे. त्या कायद्याप्रमाणे माझा भाऊही इंग्रजी शाळेत मराठी विषय शिकतो. प्रश्नोत्तरे पाठ करतो, समानार्थी शब्द लिहितो, बरे गुण मिळवतो. आणि तोच भाऊ विहिरीवर विचारतो, आजी काय म्हणते! तेव्हा मराठी सक्तीची करून मराठी वाचली असे आपण समजत असू तर लुइझियानाची चूकच आपण पुन्हा करीत आहोत.

यावर काही आक्षेप घेतले जातील. कोणी म्हणेल, की प्रमाणभाषा नसेल तर नागपूरच्या माणसाने मुंबईच्या माणसाशी बोलायचे कसे, ग्रंथ लिहायचे कसे? मान्य आहे. हा लेखही मी प्रमाणभाषेतच लिहिते आहे, कारण तो सर्वांपर्यंत पोचावा अशी माझी इच्छा आहे. प्रमाणभाषा शिकवू नका असे माझे म्हणणे नाही. ती शिकवताना घरची भाषा चुकीची ठरवू नका, एवढेच म्हणणे आहे. 'माना' हे चूक आणि 'मला' हे बरोबर, असे सांगण्याऐवजी 'घरी माना म्हणतो, निबंधात मला लिहितो' असे सांगायला किती वेळ लागतो? त्या एका वाक्याने मला नववीत खाली बसावे लागले नसते.

दुसरा आक्षेप माझ्या समाजातूनच येईल. इंग्रजीमुळे आमची पोरे नोकरीला लागली, परदेशी गेली, तू त्यांना पुन्हा भातशेतीत पाठवतेस का? नाही. शेती तरी राहिली आहे कुठे! मलाही नोकरी हवी आहे आणि त्यासाठी मी इंग्रजीचे व्याकरण रात्री जागून घोकते. पण एक भाषा शिकण्यासाठी दुसरी विसरावी लागते हे मला पटत नाही. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका बाजारात गुजराती गिऱ्हाइकाशी गुजरातीत भाव करीत, देवळात लॅटिनमधली मिस्सा ऐकत आणि घरी येऊन आपल्या बोलीत भांडत. कोणत्याही शाळेत न जाता त्यांच्या डोक्यात तीन भाषा मावत होत्या. मग शिकलेल्या मुलांच्या डोक्यात दोन का मावू नयेत? व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, १९६५ च्या सुमारास, लॅटिन जाऊन मिस्सा लोकांच्या भाषेत होऊ लागली. चर्चसारख्या जुन्या संस्थेला जर लोकांची भाषा मानावी लागली, तर आपल्या वर्गांना का मानता येऊ नये?

तिसरा आक्षेप असा, की काळाबरोबर बोली जातच असतात, रडून काय उपयोग? खरे आहे, रडून उपयोग नाही. म्हणूनच मला काही साधी कामे सुचवायची आहेत. आपल्या महाविद्यालयात आगरी, कोळी, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या घरांतली मुले शिकतात. माझ्यासारखीच त्यांतील कित्येक जण घरातली पहिलीच कॉलेजात आलेली आहेत. वाङ्मय मंडळाने भित्तिपत्रकात दर महिन्याला एक कोपरा बोलींसाठी ठेवावा. मराठी विभागाने प्रकल्पासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे शंभर शब्द लिहून आणायला सांगावे. प्रत्येकाच्या खिशात आज फोन आहे. त्यात गाणी ऐकतो तसा एखादा तास आजीचा आवाजही भरून ठेवावा. आणि प्राध्यापकांना विनंती, की वर्गात कोणाच्या तोंडून घरचा शब्द निसटला तर हसण्याऐवजी तो फळ्यावर लिहावा.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. दिवाळीच्या सुट्टीपासून एका वहीत आजीचे शब्द लिहिते. भाताच्या कामाचे, होडीचे, माशांचे, उन्हाळ्यात मसाला भाजून, कांडून बाटल्यांत भरतात त्या कामाचे. आतापर्यंत दोनशेच्या वर झाले आहेत. भावालाही बसवते. तो सुरुवातीला कंटाळायचा. आता आजीने शब्द सांगितला की तो मोबाइलवर त्याचे इंग्रजी शोधतो आणि सापडले नाही की खूश होतो. परवा 'माना' शब्द त्याने जेवताना आपण होऊन वापरला. आईने माझ्याकडे पाहिले. कोणी हसले नाही.

आजीला मात्र अजून हे सारे खुळेपणाचे वाटते. परीक्षा जवळ आली असताना मी वही घेऊन बसले की ती विचारते, "हे लिवून पास होशील का गो?" याचे उत्तर माझ्याजवळ नाही. ते आपण सर्वांनी मिळून द्यायचे आहे.

(द्वितीय वर्ष, बी. ए.)